साकी माकड आणि नदीची सीमा

१०४ व्या स्तोत्राचा कर्ता रानबकऱ्यांना पर्वत व पक्ष्यांना वृक्ष नेमून दिलेले पाहून देवाची थोरवी गातो. प्रत्येक प्राण्याला त्याचें स्थान आहे, ह्याचा एक विलक्षण दाखला दक्षिण अमेरिकेंतील घनदाट अरण्यांत आढळतो. तो ह्या पाठांत पाहूं.

ॲमेझॉन नदीच्या विस्तीर्ण खोऱ्यांत व त्याच्या उत्तरेस गयाना, सुरिनाम वगैरे देशांत साकी नांवाचीं माकडें राहतात. हीं मांजराहून मोठीं नसतात. अंगावर लांब, राठ केस व मागें झुबकेदार शेंपूट असतें. पण त्या शेंपटीनें तीं फांदी धरूं शकत नाहींत. उत्तरेकडील एका जातींत नर काळा व त्याचें तोंड पांढरें, तर मादी करड्या-तपकिरी रंगाची असते. पुष्कळ प्राणी फळ पिकण्याची वाट पाहतात. साकी मात्र बळकट सुळ्यांनीं कच्च्या फळाचें कठीण कवच फोडून आंतील बिया खातें.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञ इ. स. १८४८ पासून १८५२ पर्यंत त्या प्रदेशांत फिरला. स्वदेशीं परतल्यावर १८५२ च्या डिसेंबरांत लंडन येथील प्राणिशास्त्रमंडळापुढें त्याचा निबंध वाचण्यांत आला. ॲमेझॉन, निग्रो व मदेरा ह्या महानद्या म्हणजे माकडांच्या जातींमधील जणूं कुंपणेंच होत, असें त्यानें दाखविलें. एका तीरावर आढळणारी जात पुष्कळदां पैलतीरावर मुळींच नसते. उगमाकडे नदी अरुंद झाली म्हणजे ही सीमाही पुसट होते. विशेष हें कीं, तेथील अरण्यवासी शिकाऱ्यांना ही गोष्ट आधींच पक्की ठाऊक होती. अमुक प्राणी हवा असला म्हणजे ते नदी ओलांडून जात. विद्वानांच्या संग्रहांतील चिठ्ठ्यांवर मात्र नुसतें ‘ब्राझील’ लिहिलेलें असे! पुढें २०१४ सालीं लॉरा मार्श ह्या विदुषीनें साकींच्या सोळा जाती मोजल्या.

साकींच्या जवळच्या आप्तांपैकीं काळें दाढीवालें साकी ब्राझीलच्या पूर्वभागीं, टोकांटिन्स नदीच्या पूर्वेस राहतें. १८०७ सालीं त्याला जें लॅटिन नांव मिळालें, त्यांत सैतानाचें नांव आहे. त्या मुक्या प्राण्यानें कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें. लांकडासाठीं व गुरांच्या कुरणांसाठीं तेथील अरण्य तोडलें गेलें व उरलेल्याचे तुकडे झाले. पश्चिमेस महानदी, उत्तरेस समुद्र आणि मध्यें उघडीं कुरणें. झाडावरून झाडावर जाणाऱ्या प्राण्यानें जावें कोठें? आज ही जात नष्ट होण्याच्या धोक्यांत आहे.

नदीची सीमा देवानें घातली. तिच्या आंत साकीला अन्न व आश्रय होता. उघड्या रानाची सीमा मनुष्यानें घातली; तिच्यांत त्याला दोन्हीं नाहींत. एदेन बागेंत मनुष्यावर मशागत आणि राखण अशीं दोन कामें सोंपविलीं होतीं. पहिलें आपण मन लावून करितों; दुसऱ्याचाही हिशेब आपणांस द्यावा लागेल. जें माकड आपण कधीं पाहणार नाहीं, तेंही देवाच्या गणतींत आहे.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. साकी कोणतें अन्न खातें व तें कसें मिळवितें?
२. शिकाऱ्यांना काय ठाऊक होतें? त्यावरून आपण काय शिकावें?
३. आपल्या गांवच्या रानांत राखण कशाची करावयाची आहे?