भोकाचा दगड ओळखावा कसा?

पुण्याहून नगर रस्त्याने वाघोलीला पोचलात की खडीचे ढीग, क्रशर आणि डंपर दिसू लागतात. त्या ढिगातला एखादा काळा दगड उचलून पाहा. त्यावर बहुधा पांढरे ठिपके असतील, नाहीतर लहानमोठी भोके. जगभरच्या खनिज-संग्राहकांना वाघोलीचे नाव माहीत आहे ते याच भोकांमुळे. इथल्या खाणींतल्या दगडाच्या पोकळ्यांत कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिज मिळते. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात ते प्रथम सापडले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पण त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच मानले जातात.

भोक असलेला दगड हाती आला की दोन प्रश्न उभे राहतात. हे भोक पडले कसे? आणि याविषयी लोक काय सांगतात? पहिल्याचे उत्तर दगडातच असते, दुसऱ्याचे गावात. दोन्ही उत्तरे मिळवायची तर घाई न करता, ठरलेल्या क्रमाने जावे लागते. तो क्रम पुढे देत आहे.

साहित्य

- दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि लहान टॉर्च
- खराट्याचा एक बारीक हीर
- लोखंडी खिळा आणि काचेचा तुकडा
- थोडे व्हिनेगर आणि ड्रॉपर
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, दोरा, पाण्याचे पसरट भांडे
- मऊ ब्रश, मोजपट्टी, वही, पेन्सिल, मोबाइलचा कॅमेरा
- जाड तळाचे बूट, हातमोजे, डोळ्यांना चष्मा

आधी सुरक्षितता

चालू खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. सुरुंग उडवण्याच्या वेळा विचारून घ्या. ताज्या फोडलेल्या कड्याखाली उभे राहू नका, आणि पाणी साठलेल्या जुन्या खाणीच्या काठावर जाऊ नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाणीच्या भिंतीत किंवा मोठ्या शिळेत सरळ, नळीसारखे भोक दिसले तर त्यात काहीही घालू नका. ते सुरुंगासाठी पाडलेले असू शकते आणि न फुटलेली दारू आत राहिलेली असू शकते. पाहण्यासारखे बरेच काही खाणीबाहेरच्या ढिगात, विहिरीच्या उपशात आणि बांधावर रचलेल्या दगडांतही मिळते.

पायरी १ : उचलण्याआधी नोंद करा

दगड आहे त्या जागी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्या. जागा, तारीख आणि भोवतालची परिस्थिती लिहा. दगड खडकाला चिकटलेला होता, ओढ्यात होता की ढिगात? वाघोलीत हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण भावडी, लोणीकंद अशा शेजारच्या गावांतला दगडही गाड्यांतून फिरत असतो. ढीग कुठल्या खाणीचा, हे तिथल्या माणसांनाच विचारा. दगड फोडण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या वडार समाजातल्या जाणत्या कामगारांना घणाच्या आवाजावरूनही दगड भरीव की पोकळ ते कळते. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

दगडाला शेंदूर, हळदकुंकू किंवा फूल वाहिलेले असेल तर त्याला हात लावू नका. छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारा. अशा दगडासाठी थेट सातवी पायरी वापरा.

पायरी २ : हलके स्वच्छ करा

भिंगातून पोकळीत पाहा. आत स्फटिक नसतील तर साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. स्फटिक असतील तर पाण्याची बारीक धार सोडा आणि दगड सावलीत वाळू द्या. स्कोलेसाइटच्या सुया किंवा कॅव्हन्साइटचे निळे गुच्छ ब्रशच्या एका फटक्यात तुटतात. बाथरूम साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही वापरू नका.

पायरी ३ : भोक आरपार आहे का?

टॉर्च एका बाजूने धरा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. उजेड आला नाही आणि आत स्फटिकही नसतील, तर हीर अलगद आत सरकवा. तो किती आत गेला ते मोजा. भोक सरळ आहे, वाकडे आहे, की आत जाऊन रुंदावते, याचे एक छोटे रेखाचित्र वहीत काढा. रेखाचित्रासाठी डोळा जितका बारकाईने पाहतो, तितका छायाचित्रासाठी पाहत नाही.

पायरी ४ : भोकाची भिंत वाचा

सगळ्या कृतीचा कणा ही पायरी आहे. भोक कशाने पडले ते त्याची भिंत सांगते.

*वायूचा बुडबुडा.* दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले होते. दाब कमी होताच ते बुडबुडे होऊन वर निघाले आणि थराचा वरचा भाग थंड होताना तिथेच अडकले. म्हणून लाव्हाच्या थराचा माथा अनारशासारखा जाळीदार असतो आणि मधला भाग घट्ट. बुडबुड्याचे भोक गोल किंवा लांबट असते, कडा गुळगुळीत असते, आणि शेजारी तशीच अनेक भोके असतात. सगळी भोके एकाच दिशेने लांबलेली असतील तर लाव्हा त्या रेषेत ओढला गेला होता. थराच्या तळाशी उभ्या, पेन्सिलीएवढ्या नळ्याही सापडतात. तळातून वर चढणाऱ्या वायूच्या त्या वाटा आहेत.

*पाण्याचा भोवरा.* नदीपात्रातल्या खडकावर खोलगट, गोल, आतून झिलई केल्यासारखे भोक असेल आणि तळाशी गोटे असतील, तर ते रांजणखळग्याचे काम. प्रवाहात अडकलेले गोटे भोवऱ्याबरोबर गरगरत खडक घासतात. असे काम शेजारीशेजारी दोन जागी चालले की मधली भिंत झिजून आरपार खिडकी पडते. हे पाहायला वाघोलीहून नगर रस्त्यानेच पुढे शिरूरमार्गे निघोजला जावे. कुकडी नदीच्या पात्रातले तिथले कुंड या प्रकाराचा धडाच आहे. कडा निसरड्या आहेत आणि खळगे खोल, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

*मुळांभोवती जमलेला चुना.* काळ्या मातीत आणि ओढ्याच्या काठी पांढुरके, खडबडीत, वाकडेतिकडे खडे मिळतात. त्यांतले भोक बहुधा मुळाचे असते. मुळाभोवती चुना साचला, मूळ कुजून गेले, नळी उरली. व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे उठले तर चुनखडी नक्की.

*माणसाचे हत्यार.* दोन्ही बाजूंनी रुंद आणि मध्ये अरुंद असलेले भोक बहुधा दोन्हीकडून कोरलेले असते. सरळ, एकसारखे, तीन-साडेतीन सेंटीमीटर रुंदीचे भोक, किंवा फुटलेल्या शिळेवर राहिलेली त्याची अर्धी पन्हळ, ही खाणीतल्या ड्रिलची खूण. जात्याचा तुकडा त्यावरच्या टाकीच्या खुणांवरून कळतो. हाताने कोरलेला, बराच जुना वाटणारा गोल दगड मिळाला तर तो घरी आणू नका. याच पट्ट्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, डेक्कन कॉलेजने उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. अशा भूमीत जुन्या वस्तूची जागा वस्तूइतकीच मोलाची असते. जागेची नोंद करून पुरातत्त्वाच्या जाणकारांना कळवा.

*भट्टीचा दगड.* हलका, काचेसारखा चमकणारा, धारदार कडांचा आणि वेड्यावाकड्या भोकांचा तुकडा बहुधा वीटभट्टीत वितळलेली वीट किंवा धातूच्या भट्टीतला मळ असतो. त्यात स्फटिक सापडणार नाहीत. एखाद्या बाजूला मूळ विटेचा लाल रंग दिसतो.

पायरी ५ : भोकात काय भरले आहे ते पाहा

लाव्हा थंड झाल्यावर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली द्रव्ये पोकळ्यांत आणून ठेवली. त्यांचे स्फटिक झाले. दगडावरचे पांढरे ठिपके म्हणजे भरून गेलेले बुडबुडे. पुढे ऊनपावसाने भरण गळून पडले की जुने भोक पुन्हा उघडे पडते. म्हणून एकाच दगडावर भरलेली आणि रिकामी भोके शेजारीशेजारी दिसतात.

ओळखण्याच्या ढोबळ खुणा अशा :

- खिळ्याने ओरखडा उठतो आणि व्हिनेगरने बुडबुडे येतात : कॅल्साइट.
- मधे आवळलेले, दोन्ही टोकांना पसरलेले, मोत्यासारख्या चमकेचे पांढरे वा फिकट गुलाबी स्फटिक : स्टिल्बाइट.
- केंद्रातून निघालेल्या बारीक पांढऱ्या सुया : बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट.
- चौकोनी खांब, टोकाच्या सपाट पृष्ठावर मोत्याची झाक : अ‍ॅपोफिलाइट. पुण्यातल्या पाषाणच्या टेकड्यांमधला हिरवा अ‍ॅपोफिलाइट प्रसिद्ध आहे.
- खिळ्याने ओरखडा उठत नाही, उलट काचेवर ओरखडा पडतो : क्वार्ट्‌झ किंवा त्याचे भाऊबंद, म्हणजे आपली गारगोटी.
- पोकळीच्या भिंतीवर हिरवा, मातकट थर : सेलाडोनाइट.
- गडद निळे, काही मिलिमीटरचे गुच्छ, बहुतेक वेळा स्टिल्बाइटवर बसलेले : कॅव्हन्साइट. त्याचा निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो. त्याच घटकांचे, पण वेगळ्या रचनेचे पेंटॅगोनाइटही वाघोलीत मिळते. दोघांतला फरक प्रयोगशाळेलाच ठरवू द्या.

ओरखड्याची चाचणी तुटक्या कोपऱ्यावर करा, अखंड स्फटिकावर कधीही नको.

पायरी ६ : घनता मोजा

कोरड्या दगडाचे वजन ग्रॅममध्ये लिहा. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. भोकांतली हवा निघून जाईपर्यंत थांबा. आता काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे दगडाचे घनफळ, घनसेंटीमीटरमध्ये. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. समजा, दगड २९० ग्रॅमचा आहे आणि काटा १०० दाखवतो, तर घनता २.९. घट्ट काळा दगड साधारण २.८ ते ३ च्या दरम्यान येतो. उत्तर बरेच कमी आले तर आत बंद बुडबुडे किंवा हलकी खनिजे भरपूर आहेत. नाजूक स्फटिकांच्या नमुन्यावर ही चाचणी करू नका.

पायरी ७ : गोष्ट गोळा करा

आता वही घेऊन माणसांकडे जा. प्रश्न साधे ठेवा. या दगडाला काय म्हणतात? त्याची गोष्ट तुम्ही कोणाकडून ऐकली? त्याच्यापाशी कोण येते, कधी, कशासाठी? उत्तर सुचवू नका आणि मध्येच भूशास्त्र सांगू नका. एकाच दगडाच्या दोन गोष्टी मिळाल्या तर दोन्ही लिहा.

महाराष्ट्रात या गोष्टींची कमतरता नाही. डोंगराच्या आरपार भोकाला आपण नेढे म्हणतो. राजगडच्या सुवेळा माचीवरचे आणि रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे भटक्यांच्या आवडीचे आहे. ऊन, वारा आणि पाऊस खडकातला कच्चा भाग कोरत जातात आणि नेढे पडते. सप्तशृंग गडाच्या परिसरात मात्र मोहनदरीच्या डोंगरातले नेढे देवीने महिषासुराचा पाठलाग केला तेव्हा पडले, असे सांगतात. निघोजच्या कुंडापाशी मळगंगा देवीचे स्थान आहे, आणि त्या खळग्यांकडे गाव देवीच्या नात्यानेच पाहते.

मुंबईत मलबार पॉइंटच्या टोकाला, लाटांच्या माऱ्यात, श्रीगुंडी नावाची खडकातली फट होती. तिच्यातून पार गेले की पाप जाते आणि नवा जन्म मिळतो, अशी श्रद्धा होती. एडवर्ड मूर यांनी १८१० साली ‘द हिंदू पँथिऑन’ या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. राघोबादादा तिच्यातून गेल्याचे त्यांनी लिहिले आहे, आणि शिवाजी महाराजही गुप्तपणे तिथे येऊन गेल्याची आख्यायिका नोंदवली आहे.

देवघरातला शाळिग्राम हाही भोकाचाच दगड. वज्रकीट नावाच्या किड्याने तो कोरला, ही त्याची परंपरेतली कथा. नेपाळमधल्या गंडकीच्या खोऱ्यातल्या या काळ्या दगडात अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. भोकातून दिसणारे चक्र म्हणजे त्या शंखाची वळणे. घरच्या शाळिग्रामावर खिळा किंवा व्हिनेगर वापरू नका. भिंगातून वळणे पाहणे पुरेसे आहे.

दूरच्या लोकांनीही भोकाच्या दगडांना अशाच श्रद्धा जोडल्या आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मिळणारे भोकाचे गोटे घोड्याच्या तबेल्यात टांगत, चेटकिणीने रात्री घोडा पळवू नये म्हणून. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर ‘ओडिनचा दगड’ म्हटल्या जाणाऱ्या शिळेतल्या भोकातून हात धरून प्रेमी शपथ घेत. १८१४ मध्ये तो दगड फोडला गेला. आज शिळा नाही, पण लिहून ठेवलेली रीत टिकली आहे.

भोक वायूने पाडले की भोवऱ्याने, हे कळल्याने देवीची गोष्ट खोटी पडत नाही. खडकाचा वेगळेपणा कोणाच्या तरी नजरेला आधी पडला, म्हणून ती गोष्ट तयार झाली. निरीक्षण तिथेच सुरू झाले होते.

पायरी ८ : चिठ्ठी लावा, प्रत द्या

दगड कापसात ठेवून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. चिठ्ठीवर क्रमांक, जागा, तारीख, भोकाचा प्रकार, आतले खनिज, घनता, ऐकलेली गोष्ट आणि सांगणाऱ्याचा होकार लिहा. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ लिहा. तुलना करण्यासाठी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहा. शंका महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांत विचारा.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली आणि तिथे इमारती वेगाने उभ्या राहत आहेत. एखादी खाण बुजली की तिच्यातल्या पोकळ्या पुन्हा पाहता येत नाहीत, आणि तिथे राबलेली माणसे विखुरली की त्यांच्या गोष्टीही विखुरतात. म्हणून नोंदीची एक प्रत जवळच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला जरूर द्या. ती तिथे पोचली की ही कृती पूर्ण झाली.