मुलाच्या हाती गाडीची किल्ली



दहावीची परीक्षा संपली की आपल्या चर्चच्या मैदानावर दोन गोष्टींना भर येतो, क्रिकेटला आणि ड्रायव्हिंगला. ऊन उतरले की एखादे वडील मुलाला पुढे बसवून, आपण मागे बसून स्कूटर शिकवताना दिसतात. रविवारी दुपारी मोटारगाडीही येते. कुणाला हटकले तर उत्तर ठरलेले असते, "फादर, रस्त्यावर कुठे शिकवतोय? मैदानातच तर आहे." दुसरे उत्तर याहून अभिमानाचे, "फादर, तो आमच्यापेक्षा चांगली चालवतो." या दोन उत्तरांविषयी आम्हांला आज थोडे सविस्तर लिहायचे आहे.

आधी मैदानाचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचे नाही. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त हमरस्ता नव्हे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो, अशी त्या शब्दाची व्याख्या कायद्यातच दिलेली आहे. आपल्या मैदानातून शाळेकडे आणि कबरस्थानाकडे लोकांची रोजची वाट आहे. 'ही आमची खासगी जागा' असे कोर्टात सांगणे कठीण जाईल. भरती ओसरल्यावर समुद्रकिनाऱ्याच्या कडक वाळूवर गाडी शिकवणाऱ्यांनीही हाच विचार करावा. चारी बाजूंनी कुंपण असलेल्या आपल्या वाडीत ही बंदी कदाचित लागणार नाही. पण निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली तर तो गुन्हा कुंपणाच्या आतही गुन्हाच असतो. शिवाय वाडीत शिकलेला मुलगा वाडीतच थांबला, असे आम्ही तरी अजून पाहिलेले नाही.

१६ व्या वर्षी लायसन्स मिळते ना, असे पुष्कळ जण विचारतात. मिळते, पालकाच्या लेखी संमतीने मिळते, पण ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलसाठी. लायसन्सवर 'विनागिअर' असे असते, म्हणून घरातली कोणतीही गिअर नसलेली स्कूटर चालते अशी समजूत पसरली आहे. ती चुकीची आहे. आपल्या दारात उभ्या असलेल्या स्कूटर साधारण ११० ते १२५ सीसीच्या असतात. बॅटरीवरच्या स्कूटरचेही तसेच. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या गाडीला लायसन्स लागत नाही. त्याहून जोरात पळणारी गाडी, किंवा मेकॅनिककडे नेऊन जोरात पळती केलेली गाडी, ही कायद्याने मोटार वाहनच.

आता शिक्षा. पूर्वी अशा प्रकरणात थोड्या दंडावर सुटका होत असे आणि अजूनही अनेकांच्या मनात तोच हिशेब आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात १९९ अ हे नवे कलम आले. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालील गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत पक्के काय, शिकाऊ लायसन्सही नाही. कॉलेज संपून नोकरीला लागलेला तरुण रोज दुसऱ्याच्या मागे बसून स्टेशनवर जातो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. मोठ्यांचेही ऐका. वसईतल्या किती घरांतला कर्ता माणूस जहाजावर किंवा आखातात आहे! फौजदारी खटला चालू असताना पासपोर्टचे काम अडू शकते. शिवाय पुष्कळ घरांत स्कूटर आईच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. ज्यांनी कधी हँडलला हात लावला नाही त्यांच्याच नावाने समन्स येऊ शकते.

या कलमातील एक बारकावा आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. सर्वसाधारणपणे आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. इथे उलटे आहे. मुलाने गाडी चालवली ती पालकाच्या वा मालकाच्या संमतीनेच, असे कोर्ट गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल तर काय सिद्ध करणार? आणि मागे बसून शिकवणाऱ्या वडिलांना तर 'माहीत नव्हते' म्हणण्याची सोयच उरत नाही. त्यांनी संमती स्वतःच सर्वांसमक्ष दिलेली असते.

विम्याबद्दल तर फार गैरसमज आहेत. समजा, आपल्या मुलाची गाडी भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला लागली आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तिची उरलेली वर्षे, तिची कमाई, दवाखान्याचा खर्च हे सर्व धरून न्यायाधिकरण भरपाई ठरवील. ती काही लाखांत असेल. लायसन्स नसलेल्याच्या हाती मालकाने गाडी दिली असेल तर विमा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला सांगून नंतर ते मालकाकडून वसूल करू देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या निकालात हा मार्ग स्पष्ट केला आहे. २०११ सालच्या एका प्रकरणात मालकाचे म्हणणे होते की मुलाने न सांगता किल्ली नेली. ते मान्य झाले नाही, आणि विमा कंपनीला मालकाकडून वसुलीची मुभा मिळाली. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम थकली तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचीही तरतूद आहे. म्हणजे विषय शेवटी वाडीच्या तुकड्यावर येतो. आणि आपलाच मुलगा जखमी झाला तर? गाडीच्या पॉलिसीतील वैयक्तिक अपघाताचे संरक्षण लायसन्स असलेल्या मालक-चालकापुरते असते. मुलाला त्यातून काही मिळत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्या वेळी आपल्या अंगणातही संताप होता. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मुलाला जामीन मिळाल्याचे वाचून मिस्सेनंतर कितीतरी जण तावातावाने बोलत होते. श्रीमंतांची पोरे म्हणून आपण त्यांना मोकळे झालो. ती गाडी परदेशी बनावटीची आणि महागडी होती, एवढा फरक सोडला तर वडिलांवरील गुन्ह्याचे मूळ आपल्या मैदानावरच्या दृश्यात आहे तेच होते : लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती गाडी.

आता दुसरे उत्तर, 'तो आमच्यापेक्षा चांगली चालवतो.' हे खरे असू शकते. चौदा वर्षांच्या मुलाला तोल आणि ब्रेक आठवड्यात जमतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक निरीक्षण आम्हांला तेव्हाही पटले होते : तरुण मुले भूमितीत आणि गणितात तरबेज होऊ शकतात, पण व्यवहारातले शहाणपण त्यांच्यात आढळत नाही, कारण ते अनुभवातून येते आणि अनुभवाला काळ लागतो. गाडी हाकणे हे हाताचे काम. पण समोरची म्हातारी मध्येच थांबेल, बसच्या पुढून पोर धावत येईल, मागच्या मित्राने 'सोड रे जोरात' म्हटले तरी सोडायचे नाही, हे ज्याला त्या क्षणी सुचते त्याला चालक म्हणावे. आणि चुकले तर निस्तरण्याची ऐपत व जबाबदारी ज्याच्या अंगावर आहे त्याने चालवावी. चौदा वर्षांच्या मुलावर ती टाकता येत नाही, म्हणून कायदा ती आपल्यावर टाकतो.

आणखी एक गोष्ट आहे. आम्हांला ती दंडापेक्षा गंभीर वाटते. मुलाला गाडी देताना आपण त्याला सांगतो, "नाक्यावर पोलीस असेल तर आतल्या आळीतून जा." हा त्याचा दुसरा धडा आणि तो आई-वडिलांच्या तोंडून मिळालेला. नियम पाळायचा तो पकडणारा उभा असेल तेव्हाच, हे त्याला याहून सोपे करून कोण शिकवील? मग हेच मूल परीक्षेत, पैशात, संसारात तोच धडा गिरवते तेव्हा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे बोट दाखवतो. दृढीकरणाच्या वर्गालाच मुले एका स्कूटरवर तिघे बसून येतात, हेही इथे नोंदवतो. ख्रिस्तसभेची शिकवण वेगाच्या हौसेने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा विचार पाचव्या आज्ञेखाली करते. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही प्रसिद्ध केल्या होत्या. हा केवळ आरटीओचा विषय नाही, एवढ्यासाठी सांगितले.

क्लास लांब आहे, रिक्षा परवडत नाही, दोघेही कामावर असतात, ही अडचण खरी आहे. सायकल हे त्याचे जुने उत्तर आणि ते अजून बाद झालेले नाही. एका आळीतल्या पालकांनी पाळीपाळीने मुलांना सोडले तर रोजचा ताणही वाटला जाईल. शिकवायचेच असेल तर १८ च्या आधीही खूप आहे. शेजारी बसवून रस्ता मोठ्याने वाचायला लावा, कोण कुठून वळेल ते ओळखायला सांगा, खुणा पाठ करून घ्या, चाकातली हवा तपासायला द्या. १८ पूर्ण झाली की 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर शिकाऊ लायसन्सचा अर्ज करता येतो. मग पांढऱ्यावर लाल 'एल' लावून, लायसन्सधारक शिक्षक सोबत घेऊन शिकावे. किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. अर्ज भरण्यास मदत हवी असेल त्यांनी मिस्सेनंतर कार्यालयात यावे. युवक मंडळाची मुले बसवून देऊ.

येत्या रविवारपासून मैदानावर कोणालाही गाडी शिकवता येणार नाही, मोठ्यांनाही नाही. शाळेकडील फाटक दुपारी एकला बंद होईल. अंत्यविधीसाठी कबरस्थानाकडचे फाटक नेहमीप्रमाणे उघडे राहील.