वायफायवरून मोबाईलचें संभाषण

आपल्या वसतिगृहाच्या भिंती दोन फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या व चुन्यांत बांधलेल्या आहेत. उन्हाळ्यांत त्या आपणांस थंडावा देतात व पावसाळ्यांत वाऱ्यापासून राखतात. परंतु त्यांचा एक दोष गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत आम्हांस फार कठोरपणें कळून आला. तो प्रसंग सांगूनच या पाठास आरंभ करतों.

एके रात्रीं वसतिगृहांतील एका मुलाच्या आजीची प्रकृति एकाएकीं बिघडली. गांव डोंगरापलीकडे, येथून चार तासांच्या वाटेवर. मुलाच्या वडिलांनीं मध्यरात्रीनंतर आमच्या मोबाईलवर पांच वेळां फोन केला. पांचही वेळां त्यांस एकच उत्तर मिळालें, कीं हा क्रमांक संपर्काच्या बाहेर आहे. आम्ही मात्र फोन उशाशीं घेऊन स्वस्थ निजलों होतों. सकाळीं तोंड धुण्यास अंगणांत आलों, तेव्हां फोनवर एकामागून एक सूचना उमटल्या. मुलास पहिल्या एस्. टी. नें रवाना केलें; पण तो घरीं पोंचला तेव्हां आजी बोलण्याच्या पलीकडे गेली होती. पुढें परत आल्यावर त्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. “सर, फोन वाजला असता तर रात्रींच निघतां आलें असतें ना?” एवढेंच त्यानें विचारलें.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्ही जें शिकलों, तें येथें क्रमानें मांडतों.

१. फोन उशाशीं असून कां वाजला नाहीं?

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें सन १८७६ मध्यें दूरध्वनीवरून पहिलें वाक्य उच्चारलें, तेव्हां बोलणारा व ऐकणारा यांच्यामध्यें तार होती. पुढें तारेवांचून संदेश धाडण्याची विद्या आली. आपल्या पुणें जिल्ह्यांतच सन १९२७ मध्यें खडकी येथून इंग्लंडकडे बिनतारी संदेश धाडण्याचें व दौंड येथें तिकडून आलेले संदेश ग्रहण करण्याचें काम सुरू झालें. आपल्या देशांतील पहिलें मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली या शहरांमध्यें झालें. ज्योति बसू व केंद्रीय मंत्री सुखराम हे त्या वेळीं बोलले.

मोबाईल हें खरोखर एक लहानसें बिनतारी यंत्रच आहे. तो विद्युच्चुंबकीय लहरींच्या द्वारें जवळच्या मनोऱ्याशीं बोलतो. त्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या असून डोळ्यांस दिसत नाहींत, इतकाच भेद. वाटेंत दगडी भिंत आली तर तिच्यांत त्यांचें बरेंचसें बळ शोषलें जातें. भिंत पावसानें ओली झाली कीं तें आणखी घटतें, आणि लोखंडी पत्रा तर त्यांस बहुतांशीं परतच फिरवतो. सामान्यतः ज्या लहरींची कंपनसंख्या अधिक, त्या भिंतींतून कमी शिरतात. म्हणून ९०० मेगाहर्ट्झची लहर जेथें कशीबशी पोंचते, तेथें २३०० मेगाहर्ट्झची पुष्कळदां पोंचत नाहीं. आमची खोली इमारतीच्या मध्यभागीं, मनोरा टेकडीपलीकडे, आणि भिंती पावसानें भिजलेल्या. फोन वाजणार तरी कसा?

२. दिवा घरांत आणणें

रस्त्यावरील कंदिलाचा उजेड खोलींत येत नसेल, तर भिंत पाडण्याचें कारण नाहीं. खोलींतच एक दिवा लावावा. वायफायवरून संभाषण करण्याची युक्ति नेमकी हीच होय. घरांतील किंवा शाळेंतील राउटर हा तो लहान दिवा. तो बहुधा २·४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतो. त्यांचें बळ अल्प असतें व भिंती त्यांसही आडव्या येतातच. परंतु राउटर फोनाच्या जवळ असल्यामुळें तेवढें बळ पुरतें. राउटरपासून पुढचा प्रवास कांचेच्या तंतूंतून किंवा तांब्याच्या तारेंतून होतो, आणि तेथें दगडी भिंतीचा प्रश्नच उरत नाहीं.

येथें एक भेद नीट लक्षांत ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनावरून बोलावयाचें तर दोन्ही बाजूंस तेंच साधन व इंटरनेट असावें लागतें. वायफाय कॉलिंगमध्यें तसें नाहीं. यांत आपला नेहमींचा मोबाईल क्रमांकच वापरला जातो. समोरच्या माणसाजवळ साधा बटणांचा फोन असो वा घरांतील तारेचा दूरध्वनि असो, त्यास कांहींही निराळें करावें लागत नाहीं. त्या मुलाच्या वडिलांजवळ साधाच फोन होता. म्हणून हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

३. आवाजाचे आंकडे

आतां आवाज या मार्गानें कसा जातो तें पाहूं. आपण बोलतों तेव्हां हवा कंप पावते. फोन त्या कंपाचें माप एका सेकंदांत १६,००० वेळां घेतो (जुन्या पद्धतींत ८,००० वेळां) व प्रत्येक माप आंकड्यांत मांडतो. हे सर्व आंकडे जसेच्या तसे धाडणें खर्चाचें. म्हणून फोन त्यांतील अनावश्यक भाग गाळून त्यांचा सुमारे दशांश करतो. मग एका सेकंदाच्या आवाजाचीं पन्नास पुडकीं बांधलीं जातात, म्हणजे प्रत्येक पुडक्यांत सेकंदाचा पन्नासावा भाग येतो. प्रत्येकावर अनुक्रमांक घालून तीं एकामागून एक रवाना होतात.

इंटरनेटवर सर्वच पुडकीं ठरल्या वेळीं पोंचतील असें नाहीं. कांहीं मागें राहतात, कांहीं हरवतातही. देवळांतून शाळेकडे येणाऱ्या वर्गाचें उदाहरण घ्या. मुलें निरनिराळ्या गल्ल्यांनीं येतात. शिक्षक फाटकापाशीं क्षणभर थांबून त्यांस हजेरीच्या क्रमानें उभें करतात. पण फार उशीर करणाऱ्यासाठीं सर्व वर्ग खोळंबून ठेवीत नाहींत. ऐकणाऱ्याचा फोनही तसेंच करतो. आलेलीं पुडकीं तो अल्पकाळ थोपवून क्रमानें लावतो, आणि जें फार उशिरां येतें तें सोडून देतो. हरवलेलें पुडकें तो पुन्हां मागवीत नाहीं, कारण वेळ टळून गेलेला शब्द संभाषणांत निरुपयोगी असतो. बोलणें सहज चालावें म्हणून एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. याहून फार विलंब झाला तर दोघेही एकदम बोलूं लागतात व दोघेही एकदम थांबतात.

इतक्या पुडक्यांस फार मोठा मार्ग लागेल असें वाटेल, पण तसें नाहीं. एक मिनिटाच्या बोलण्यास दोन्ही दिशा मिळून सुमारे एक मेगाबाइट पुरतो. म्हणजे इंटरनेट वेगवान असण्यापेक्षां तें अखंड असणें येथें अधिक मोलाचें आहे.

४. बंद वाट आणि खरी ओळख

पालक मंडळी आम्हांस विचारतात, “दुसऱ्याच्या वायफायवरून बोलल्यास आमचें बोलणें कोणी ऐकणार नाहीं काय?” ही शंका योग्य आहे. फोन प्रथम इंटरनेटवरून आपल्या मोबाईल कंपनीच्या एका ठराविक प्रवेशद्वारापर्यंत जातो व तेथपर्यंत जणूं एक झांकलेलें भुयार तयार करतो. या भुयारांतून जाणारीं सर्व पुडकीं सांकेतिक रूपांत असतात. मधल्या राउटरच्या मालकास कांहीं वाहतूक चालली आहे एवढें दिसेल, पण शब्द ऐकूं येणार नाहींत.

परंतु दाराशीं आलेला फोन आपल्याच ग्राहकाचा, हें कंपनीस कसें कळावें? त्यासाठीं सिम-कार्डांत एक गुप्त संख्या असते व तीच कंपनीजवळही असते. कंपनी दर वेळीं एक नवा आंकडा धाडते. सिम-कार्ड तो आंकडा व गुप्त संख्या यांवरून गणित करून उत्तर देतें. उत्तर जुळलें कीं दार उघडतें. गुप्त संख्या स्वतः कधींच वाटेवर येत नाहीं. शिवाय ही कसोटी एकतर्फी नाहीं. दारावरील यंत्र खऱ्या कंपनीचेंच आहे ना, हें सिम-कार्डही पडताळून घेतें. बाळ शमुवेलास रात्रीं हाक ऐकूं आली, पण ती कोणाची हें न समजून तो तीन वेळां एलीकडे धांवला, ही कथा आपण सर्वांनीं रविवारच्या शाळेंत ऐकली आहे. हाक ऐकूं येणें आणि ती कोणाची हें ओळखणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दार उघडल्यावर पुढील व्यवस्था ४ जी वरील संभाषणाचीच असते. तेथेंही आवाज पुडक्यांच्या रूपानेंच जातो. म्हणून बोलतां बोलतां आपण वायफायच्या टापूबाहेर अंगणांत आलों आणि तेथें ४ जी ची लहर चांगली असली, तर संभाषण न तुटतां मनोऱ्याकडे सोंपविलें जाऊं शकतें. ती नसेल तर मात्र तें तुटतें.

ही कल्पना अगदीं कालची नव्हे. अमेरिकेंत एका कंपनीनें सन २००७ मध्येंच ती ग्राहकांस उपलब्ध करून दिली होती. भारतांत एअरटेलनें डिसेंबर २०१९ मध्यें दिल्ली परिसरांत व जिओनें जानेवारी २०२० मध्यें ती सुरू केली.

५. करून पाहण्याची रीत

फोनाच्या सेटिंगमध्यें सिम किंवा मोबाईल नेटवर्कच्या भागांत “वाय-फाय कॉलिंग” असें एक कळीचें चित्र असतें, तें चालू करावें. फोन या सोयीचा असला पाहिजे व कंपनीनेंही ती दिलेली असली पाहिजे. दोन सिम असतील तर प्रत्येकाची कळ निराळी पाहावी. कंपन्या या संभाषणास सामान्यतः निराळा आकार लावीत नाहींत. तें आपल्या नेहमींच्या योजनेंतच धरलें जातें. तथापि परदेशीं जातांना आपल्या कंपनीच्या अटी आधीं वाचाव्या.

आतां एक सोपा प्रयोग. फोन विमान-स्थितींत ठेवा, म्हणजे मनोऱ्याशीं असलेला संबंध तुटेल. मग केवळ वायफाय चालू करा व घरच्या मंडळींस साधा फोन लावा. फोन लागला, तर तो मनोऱ्यावरून नव्हे, राउटरवरून गेला हें सिद्ध झालें. बहुतेक फोनांत हा प्रयोग साधतो. आम्ही आठवीच्या वर्गांत तो करून दाखविला, तेव्हां मुलांस पुस्तकांतील चार पानांपेक्षां अधिक कळलें.

६. या सोयीच्या मर्यादा

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं आतां चिंता मिटली. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. आमच्या खोलींत वायफाय कॉलिंग सुरू झालें, मनाचें ओझें थोडें हलकें झालें. आणि पुढच्याच पंधरवड्यांत एका वादळी रात्रीं वीज गेली. राउटर विझला व त्याबरोबर फोनही पुन्हां मुका झाला. मोबाईलची बॅटरी भरलेली होती, पण ज्याच्या आधारावर तो बोलत होता तो आधारच गेला. वायफायचें संभाषण बिनतारी म्हणविलें, तरी तें घरच्या विजेवर व बाहेरच्या तारेवर अवलंबून असतें, हें आम्हीं प्रथम ध्यानांत घेतलें नव्हतें. आतां राउटरसाठीं एक लहान बॅटरी बसविली आहे. शिवाय वसतिगृहाचा दुसरा क्रमांक, फाटकापाशीं राहणाऱ्या पहारेकरी बाबांचा, प्रत्येक पालकास लिहून दिला आहे. तेथें मनोऱ्याची लहर चांगली येते.

दुसरी मर्यादा संकटाच्या वेळची. ११२ या क्रमांकावर मनोऱ्यावरून फोन केला, तर कोणत्या मनोऱ्याजवळून हांक आली याचा अंदाज यंत्रणेस येतो. वायफायवरून केलेल्या फोनाचें ठिकाण तितकें निश्चित समजेलच असें नाहीं. म्हणून अशा वेळीं प्रथम आपलें गांव, रस्ता व जवळची खूण सांगावी आणि मग काय झालें तें सांगावें. हा नियम मुलांनीं पाठ करावा. भयभीत माणूस आधीं रडतो व पत्ता शेवटीं सांगतो. तोंवर फोन तुटला तर मदत कोठें धाडावी?

तिसरी गोष्ट अशी, कीं एकाच वायफायवर वीस जण चित्रपट पाहत असतील, तर संभाषणाचीं पुडकीं खोळंबतात व आवाज तुटूं लागतो. म्हणून रात्रीं दहानंतर वसतिगृहांत चित्रपट पाहण्यास मनाई केली आहे. तो नियम कित्येकांस जाचक वाटतो. त्याचें कारण आतां कळलें असेल.

उपसंहार

विज्ञानाचें प्रत्येक साधन आपल्या हातीं एक शक्ति देतें व त्याबरोबर एक जबाबदारीही. आम्हीं फोन उशाशीं ठेवला होता, पण तो तेथें चालतो कीं नाहीं हें एकदांही पडताळून पाहिलें नव्हतें. तें पाहण्यास पांच मिनिटें पुरलीं असतीं. त्या मुलाच्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ‘होय, निघतां आलें असतें’ हेंच आहे, आणि तें आम्हीं त्यास सांगितलें आहे. पालकांस विनंति, कीं आपल्या घरींही ज्या खोलींत वडील माणसें निजतात, तेथें आज रात्रीं एकदां फोन लावून पाहावा. हाक देणाऱ्यास उत्तर मिळावें, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. दगडी भिंतीच्या घरांत मोबाईलची लहर क्षीण कां होते? पावसाळ्यांत ती अधिक क्षीण कां होते?
२. व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणें व वायफाय कॉलिंग यांत मुख्य भेद कोणता?
३. एका मिनिटाच्या बोलण्यांत एका बाजूनें आवाजाचीं किती पुडकीं निघतील?
४. हरवलेलें पुडकें फोन पुन्हां कां मागवीत नाहीं?
५. वीज गेली असतां आपल्या घरीं कोणता फोन चालूं राहील, हें आज पाहून घ्या व वहींत लिहा.