कॅन्डिड म्हणे!

गुढीपाडव्याला फडके रोडवर हल्ली लेझीमपेक्षा लेन्स जास्त. १९९९मध्ये डोंबिवलीत स्वागतयात्रा सुरू झाली, तेव्हापासून आईने ती चुकवलेली नाही. यंदा गुडघे बोलू लागले म्हणून ती दुकानाच्या पायरीवर टेकली आणि टोचणारी कवळी काढून रुमालाने पुसू लागली. दूधवाल्यालाही कवळी लावल्याशिवाय दार न उघडणारी बाई! नेमकं तेच कुणीतरी लांबून टिपलं आणि इन्स्टावर टाकलं. ब्लॅक अँड व्हाइट, खाली ‘उत्सवातलं एकटेपण’.

मामेभावाचा फोन आला. "आत्याला अशी एकटी बसवून कुठे गेला होतात सगळे?"

मी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कडेला साडीचा काठ, बोटभर. माझ्याच साडीचा. मी आईला खेटून बसले होते हो! एकटेपण दिसावं म्हणून मला कापलं होतं.

फोटो टाकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर आलं, "ताई, हे कॅन्डिड आहे. विचारलं की भाव जातात. जपानी मास्टर्सचं काम बघा." बघितलं. २०२०मध्ये फुजीफिल्मने तात्सुओ सुझुकी यांचा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतानाचा व्हिडिओ लोक चिडल्यावर मागे घेतला. आणि ज्येष्ठांच्या सन्मानासाठी त्या देशात सप्टेंबरात राष्ट्रीय सुट्टी असते. एवढं कळवलं, तर साहेबांनी ब्लॉक केलं.

म्हणून सांगते, भांडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. अकाउंटचं नाव, तारीख, कॅप्शन, सगळं त्यात यायला हवं. ब्लॉक झाल्यावर काही दिसत नाही; मला भाचीच्या फोनवरून तक्रार करावी लागली. पोलीस चौकीत गेलात, तर "रस्त्यावरच होत्या ना?" ऐकायची तयारी ठेवा. गर्दीत म्हाताऱ्या माणसांना एकटं सोडू नका, पाणी जवळ असू द्या. मी सोडलं नव्हतं, तरीही सांगते.

आणि फोटोवाल्यांनो, आधी विचारवत नसेल तर नंतर तरी स्क्रीन दाखवून "आजी, ठेवू का?" म्हणा. आईने कवळी लावून, पदर सारखा करून दुसरा काढायला लावला असता, वर कॉपीही मागितली असती.

फोटो अखेर उतरला. त्या जागी ‘समाज कलेला कधी समजून घेणार?’ अशी पोस्ट आली. लाइक करणाऱ्यांत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत.