६०० मिमीची लेन्स घेऊ का? आधी अंतर मोजा, मग पैसे काढा



या वेळच्या व्हिडिओत आपण फोटोग्राफीच्या धंद्याला भांडवल किती लागतं ते बघितलं. त्यात लेन्सचा भाग मी पाच मिनिटांत उरकला, कारण हे गणित नुसतं ऐकून डोक्यात बसत नाही, कागदावर मांडावं लागतं. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न कुठून आला ते आधी सांगतो. एका छोट्या कार्यशाळेसाठी कौंडण्यपूरला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर मंदिराच्या टेकडीवरून वर्धा नदी बघत उभा होतो, तेवढ्यात एक तरुण जवळ आला. पंचक्रोशीत लग्नाचे, बारशाचे फोटो काढतो. जवळ क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स. म्हणाला, "सर, दीडशे-सहाशेची लेन्स घेऊ काय? मेळघाटात वाघाचे फोटो काढीन, पटाचेबी काढीन. बाबानं कापसाचे एक लाख काढून ठेवले हायेत."

कापसाचे एक लाख. म्हणून मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, पैसे कोण देणार?"

"लेन्सचे? बाबा."

"लेन्सचे नाही, फोटोचे."

तो गप्प झाला. तुम्हीही लेन्स बघत असाल, तर इथेच थांबून हे उत्तर वहीत लिहा. गिऱ्हाईक कोण ते ठरल्याशिवाय लेन्स ठरत नाही.

आपल्या भागात टेलिफोटो झूमची कामं दोन प्रकारची. एक, जंगल. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७४ पासूनचा. सेमाडोह, कोलकास, शहानूर ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. पण सागाचं डोंगराळ, दाट जंगल आहे ते. ताडोबासारखा रस्त्यावर येऊन उभा राहणारा वाघ इथे क्वचित. जिप्सीचं भाडं, गाईड, प्रवेश फी, मुक्काम हे सगळं तुमच्या खिशातून जातं आणि वाघाचा फोटो विकत घेणारा माणूस समोर नसतो. चिखलदऱ्याच्या एखाद्या हॉटेलला भिंतीसाठी प्रिंट, एखादं कॅलेंडर, असं हळूहळू होतं. माझं स्पष्ट मत सांगतो, पहिली दोन वर्षं जंगल हे उत्पन्नाच्या रकान्यात लिहूच नका. ते शिक्षणाच्या खर्चात लिहा.

दुसरा प्रकार म्हणजे पळणारी, उडी मारणारी, झेपावणारी माणसं आणि जनावरं. शंकरपट घ्या. २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पट पुन्हा जोरात भरतात. आपल्याच जिल्ह्यातलं तळेगाव दशासर तर पटासाठी प्रसिद्ध. जोडीचा मालक बैलांवर पोरांसारखा जीव लावतो, आणि धुळीतून निघालेल्या त्याच्या जोडीचा एक धारदार फोटो मोठा करून घरात लावायला तो पैसे मोजतो. शिवाय गावोगावचे कबड्डीचे सामने, शाळांच्या क्रीडास्पर्धा, कार्तिकी पौर्णिमेनंतरची कौंडण्यपूरची दहीहंडी. अमरावतीत १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, म्हणजे खेळाची हवा या जिल्ह्यात जुनीच. इथे फोटो विकत घेणारा माणूस मैदानातच उभा असतो.

आता मुख्य गणित. लेन्सवरचा मिमीचा आकडा बघून भुलू नका. तुम्हाला कळायला हवं की अमुक अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदीचा भाग मावणार. सूत्र सोपं आहे. सेन्सरची रुंदी मिमीमध्ये घ्या, तिला अंतराने म्हणजे मीटरने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, निकॉन-सोनीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ आणि कॅननचा थोडा लहान, २२.३.

पट घेऊ. तुम्ही कठड्याच्या बाहेर उभे, जोडी समोरून येतेय, अंतर ४० मीटर, क्रॉप कॅमेरा, लेन्स २०० मिमीवर. २३.५ गुणिले ४० भागिले २००, म्हणजे ४.७ मीटर. समोरून जोडी अडीच मीटरच्या आसपास रुंद दिसते, म्हणजे अर्धी फ्रेम भरली आणि दोन्ही बाजूंना उडणारी धूळही आली. फोटो झाला! आता त्याच जागी ४०० मिमी लावा. फ्रेम २.३५ मीटरची झाली. एक बैल आत, एक कडेला कापलेला.

कबड्डीत तर आणखी गंमत आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. तुम्ही रेषेबाहेर बसलात तर चढाई करणारा खेळाडू तुमच्यापासून आठेक मीटरवर असतो. १५०-६०० ची लेन्स सगळ्यात मागे आणली तरी १५० वरच थांबते. २३.५ गुणिले ८ भागिले १५०, म्हणजे सव्वा मीटर. हात लांब करून झेपावलेला खेळाडू त्यात मावतच नाही. ७०-२०० असेल तर ७० वर पावणेतीन मीटर मिळतात. लोक लेन्स लांब किती जाते तेवढंच विचारतात. ती जवळ किती येते हे कोणी विचारत नाही, आणि धंद्याची अर्धी कामं तिथेच असतात.

मग ६०० कशाला लागते? पक्ष्यांना. मेळघाटात रानपिंगळा आहे. शंभरेक वर्षं दिसला नाही म्हणून नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला घुबडाच्या कुळातला पक्षी. लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर. तो २० मीटरवर बसलाय असं धरा. २०० मिमीवर फ्रेम २.३५ मीटर, म्हणजे पिंगळा फ्रेमच्या दहाव्या हिश्शात. ६०० मिमीवर फ्रेम ७८ सेंटिमीटर, पिंगळा जवळजवळ तिसऱ्या हिश्शात. इथे ६०० ला पर्याय नाही. वाघाचं तसं नाही. तो मोठा प्राणी, जिप्सीच्या रस्त्यावरून ४० मीटरवर दिसला तर २००-३०० मिमीतही चांगला येतो. वाघाला ६०० लागतेच असं नाही, पिंगळ्याला लागते. आपल्या मुलाने नेमकं उलटं धरलं होतं.

आता उजेड. पैसे बुडतात ते बहुतेक इथे.

एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. २.८ आणि ६.३ यांत फरक किती? ६.३ ला २.८ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, साधारण पाच येतात. म्हणजे एफ २.८ ची लेन्स पाचपट उजेड आत घेते. रात्रीच्या कबड्डीत दिव्याखाली २.८ वर तुम्हाला आयएसओ ४००० आणि शटर १/८०० मिळत असेल, तर ६.३ वर त्याच शटरसाठी आयएसओ २०,००० लागेल. जुन्या क्रॉप कॅमेऱ्यात त्या आकड्याला फोटो नाही, रवा दिसतो. शटर कमी केलं तर खेळाडू पुसट. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (कुठे व्हीआर म्हणतात, कुठे आयएस, कुठे व्हीसी) तुमच्या हाताचा कंप थांबवतं, पळणारा बैल थांबवत नाही. दुकानदार हे वाक्य क्वचितच पूर्ण सांगतो.

मी स्वतः यात भाजलोय. लग्नाचे फोटो काढायचो त्या काळी ७०-३०० ची एफ ४-५.६ वाली स्वस्त लेन्स घेतली आणि त्याच आठवड्यात रात्रीच्या एका अंतिम सामन्याची ऑर्डर धरली. चारशेच्या वर फोटो काढले, देण्यासारखे निघाले अकरा. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते दुसऱ्या वर्षी त्या मंडळाने फोनच केला नाही त्याचं.

दहीहंडीचंही तेच. कार्तिकात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गर्दीचा खरा जल्लोष नेमका उजेड उतरत असताना रंगतो.

सकाळी-दुपारी भर उन्हातल्या पटाला मात्र ६.३ सुद्धा पुरते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दुसरंच संकट असतं. एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर जमिनीवरची हवा थरथरते. अशा वेळी शंभर मीटरवरचा फोटो लाख रुपयांच्या लेन्सनेही पाण्यात बघितल्यासारखा येतो. लेन्स खराब आहे म्हणून दुकानात परत नेऊ नका. जवळ जा, किंवा सकाळी लवकर जा.

टेलिकन्व्हर्टर लावून मिमी वाढवू, असं काही जण म्हणतात. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, ६.३ चे ९ होतात, आणि तिथे जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस बहुधा हात टेकतो. मिररलेसमध्ये जमतं, पण उजेडाचं गणित तेच राहतं.

नावं विचारता म्हणून सांगतो. डीएसएलआरसाठी १५०-६०० मध्ये सिग्माची कंटेम्पररी आणि टॅमरॉनची जी२, दोन्ही दोन किलोच्या आसपास. सोनीची २००-६०० आणि निकॉन झेडची १८०-६०० यांचा झूम आतल्या आत फिरतो, नळी बाहेर येत नाही. पटाच्या धुळीत याला फार किंमत आहे, कारण बाहेर येणारी नळी प्रत्येक वेळी हवा आणि तिच्यासोबत धूळ आत ओढते. कॅनन मिररलेसवाल्यांना आरएफ १००-४०० आहे, वजन ६३५ ग्रॅम, फिरायला मस्त, पण एफ ५.६ ते ८, म्हणजे दिवसाउजेडीचीच. आणि ७०-२०० एफ २.८ प्रत्येक कंपनीची आहे, जुन्या बाजारातही भरपूर फिरते. भाव रोज बदलतात म्हणून लिहीत नाही. अमरावती आणि नागपूर दोन्हीकडे विचारा, पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. बिल नसलेली लेन्स चार हजारांनी स्वस्त मिळाली, तर ते चार हजार दुरुस्तीला बाजूला ठेवा.

जुनी घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, व्यवहार तिथेच सोडा. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून पूर्ण उघड्या एफवर ७०, १३५ आणि २०० वर फोटो काढा, चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का बघा. पळणाऱ्या मोटरसायकलवर सलग फोकस लावून बघा. विकणारा घाई करत असेल तर तुम्ही करू नका.

आता कर्ज. घरचे पैसे नसतील तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण हप्ता मांडून बघा. समजा एक लाख, १४ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता साधारण ४,८००, एकूण फेड १,१५,२००. एका ॲक्शनच्या कामातून खर्च जाऊन दीड हजार सुटत असतील, तर दर महिन्याला तीनपेक्षा जास्त कामं हवीत. दर महिन्याला! जून ते सप्टेंबर पट नाही, मैदानात चिखल, मेळघाटची सफारीही पावसाळ्यात बहुतांशी बंद. ते चार हप्ते कुठून येणार, हे आज लिहून ठेवा.

म्हणून माझा सल्ला असतो की आधी भाड्याने घ्या. दोन पट आणि एक रात्रीचा सामना भाड्याच्या लेन्सवर करा. भाडं, डिपॉझिट, जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि फोटो विकून आलेले पैसे असे चार रकाने आखा. आणि एक आकडा आवर्जून लिहा: विकले गेलेले फोटो किती मिमीवर काढले होते. तो प्रत्येक फोटोच्या माहितीत आपोआप नोंदलेला असतो.

त्या मुलाने हेच केलं. भाड्याने दोन्ही लेन्स आलटून पालटून वापरल्या. त्याचे विकले गेलेले जवळपास सगळे फोटो २०० च्या आतले निघाले. त्याने जुनी ७०-२०० एफ २.८ घेतली, टॉर्च मारून, वर्तमानपत्र चिकटवून. उरलेल्या पैशांतून प्रिंटर घेतला, कारण पटाच्या दिवशी जागेवर छापून दिलेला फोटो मालक लगेच घेतो, दुसऱ्या दिवशी मागे लागावं लागतं. कापसाच्या पैशांतले थोडे बाबांना परतही गेले.

मेळघाटचं वेड काही गेलेलं नाही. मार्चमध्ये तो १५०-६०० तीन दिवस भाड्याने घेऊन जाणार आहे. जिप्सीच्या कठड्यावर ठेवायला जुन्या जीन्सच्या पायात हरभरे भरून पिशवी शिवायला सांगितली आहे मी त्याला, ट्रायपॉड तिथे कामाचा नाही. आणि पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, हेही बजावलंय. फोन ठेवताना म्हणाला, "सर, वाघ नाही दिसला तरी चालते, पिंगळा पाहिजे."