खोकला नसलेला क्षय

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या ओपीडीत बरीच वर्षं बसल्यावर क्षयरोगाबद्दल मनात जे साठलं, ते जमेल तसं मांडते आहे. या कामातल्या प्रत्येकाची यादी वेगळी निघेल.

१. क्षयाची म्हणून जी लक्षणं आपण ओळखतो, ती बरीचशी शरीराच्या झुंजीची असतात. पुस्तकात हे वाचलं होतं, पण त्याचा अर्थ ओपीडीत कळला. प्रतिकारशक्ती धडधाकट असली की पेशी जंतूंना घेरतात, त्यांच्याभोवती गाठ बांधतात. ती गाठ आतून सडते, फुटते आणि फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होते. पोकळीतून जंतू श्वासनळीत उतरतात, म्हणून खोकला, म्हणून बेडका, म्हणून कधी रक्त. एचआयव्ही ज्या सीडीफोर पेशी संपवतो, त्याच या घेराबंदीच्या सूत्रधार. त्यांची संख्या चांगली असते तोवर क्षय चारचौघांसारखाच दिसतो. ती २०० च्या खाली घसरली की पोकळी सहसा होत नाही. छातीच्या फोटोत डाग दिसलाच तर खालच्या भागात, नाहीतर फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी, नाहीतर सगळीकडे विखुरलेले बारीक ठिपके. आणि कधी कधी फोटो अगदी स्वच्छ. खंगलेल्या माणसाचा स्वच्छ फोटो उजेडाला धरून पाहताना मला हायसं वाटत नाही. ज्या गावात भांडायला कोणी उरलंच नाही, तिथली शांतता असते ती.

२. दोन आठवड्यांच्या खोकल्याची वाट पाहायची नाही. इतरांसाठी तो निकष ठीक आहे. एचआयव्ही असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये चार प्रश्न सुचवले: आत्ता खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम फुटतो का? यातलं एक जरी असलं, कितीही दिवसांचं असलं, तरी तपासायचं. प्रश्न सोपे आहेत, उत्तरं मात्र आयुष्यात मिसळून येतात. ‘ताप नाही मॅडम, नुसती कसर असते संध्याकाळची.’ ‘घाम काय, पत्र्याचं घर आहे, सगळ्यांनाच येतो.’ ‘ऊसतोडीच्या दिवसांत कोण जाड राहतंय?’ यातलं एकही उत्तर खोटं नसतं. म्हणून मी वळसा घालून विचारते. ब्लाउज ढिला झालाय का? पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का? हातातली बांगडी कोपराकडे सरकते का? यावर बहुतेक जण आधी स्वतःच्या हाताकडे बघतात, मग माझ्याकडे. आणि जे वर्षानुवर्षं एचआयव्हीला दाबणाऱ्या एआरटीच्या गोळ्या नेमानं घेतायत, त्यांच्यात हे चारही प्रश्न क्षयाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण निसटू देतात. तिथे मला मागच्या भेटीतलं वजन लागतं. खोलीतल्या सगळ्या उपकरणांत माझा सर्वांत जास्त विश्वास वजनकाट्यावर आहे.

३. थुंकीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट ही सुटकेची बातमी नाही, हे घरच्यांना समजावणं फार अवघड जातं. त्यांचे चेहरे आधीच उजळलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये ते हजारोंनी असावे लागतात. पोकळीच नसेल तर इतके थुंकीत येणार कुठून? जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचण्या आल्या आणि चित्र पुष्कळ बदललं. त्यांतल्या सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली २०१० मध्ये. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट बॅटरीवरही चालतं, त्यामुळे वीज बेभरवशाची असली तरी तपासणी अडत नाही. तरीही ज्याला बेडका काढण्याइतकी ताकद उरलेली नाही, त्याच्यासमोर डबी धरून काही उपयोग होत नाही.

४. अशा माणसाची लघवी तपासता येते. जंतूच्या आवरणातला एक घटक लघवीत उतरतो आणि एका पट्टीवर अर्ध्या तासाच्या आत तो दिसू शकतो. एरवी आजार वाढला की चाचण्या दगा देऊ लागतात. ही मात्र सीडीफोर जितके कमी, माणूस जितका जास्त आजारी, तितकी अधिक उपयोगी पडते. पट्टी कोरी राहिली म्हणून क्षय नाही असं मात्र म्हणता येत नाही.

५. क्षय फुप्फुसातच शोधायचा, ही सवय मोडायला वेळ लागतो. इथे तो मानेच्या गाठींत असतो, पोटातल्या गाठींत असतो, प्लीहेत असतो, हाडांच्या मज्जेत बसून हिमोग्लोबिन खाली आणतो. गाठीत सुई घालून काढलेल्या नमुन्यात पेशींची ओळखीची रचना अर्धवट असते आणि जंतू मात्र खच्चून भरलेले. तिथेही तीच गोष्ट: घेराव घालायला कोणी नव्हतं. मला सर्वांत जास्त धास्ती मेंदूच्या आवरणातल्या क्षयाची वाटते. तो डोकेदुखीनं येतो, चिडचिडीनं येतो, शांत माणूस अचानक तुटक बोलायला लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी झालंय. मग चार ठिकाणी नारळ, लिंबू, अंगारा होतो आणि तेवढ्यात झोप वाढत जाते. मी त्या बायामाणसांवर कधी रागावू शकत नाही. स्वभाव बदलला हे त्यांनीच सगळ्यांत आधी ओळखलेलं असतं. एचआयव्ही असताना मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनाचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र मांडले गेले. ज्यांच्या शरीरात क्षय सापडला, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना जिवंतपणी त्याचं निदानच झालेलं नव्हतं.

६. उपचार लागू पडू लागले की माणूस आधी बिघडू शकतो. या आजारानं मला सर्वांत जास्त नम्र केलं असेल तर इथे. एआरटी सुरू होते, विषाणू दबतो, सीडीफोर पेशी सावरतात आणि इतके दिवस आत निवांत पसरलेल्या जंतूंवर तुटून पडतात. मग पुन्हा ताप चढतो, मानेच्या गाठी सुजतात, कधी फुटून वाहतात. बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच. काहींच्या बाबतीत क्षयाचा मागमूस नसतो आणि एआरटीनंतरच तो पहिल्यांदा उघडा पडतो. ‘तुमच्या गोळ्या बाधल्या मला,’ असं एक ताई म्हणाल्या होत्या. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर घडलेला क्रम तोच होता. म्हणून आता पहिली गोळी देण्याआधीच सांगते, असं होऊ शकतं, झालं तर गोळ्या बंद न करता इकडे या. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करायची असते, पण मेंदूचा क्षय असेल तर चार ते आठ आठवडे थांबायचं, कारण कवटीत सूज वाढायला जागा नाही.

७. दोन आजार एका घरात वेगवेगळ्या पद्धतीनं राहतात. क्षयाच्या गोळ्या फळीवर उघड्या असतात, शेजारीण विचारते, सासू दूध देते. एआरटीची डबी तांदळाच्या पिंपात, साड्यांच्या घडीत, ट्रकच्या सीटखाली. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत एआरटीतलं डोलुटेग्रावीर भराभर संपवतं, म्हणून तेवढ्या काळापुरती ५० मिलिग्रॅमची ही गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. कागदावर ही एक ओळ आहे. पण जिनं सकाळी सगळे कामाला गेल्यावर गोळी घ्यायची घडी बसवली आहे, तिला रात्री भरल्या घरात दुसरी गोळी कशी घेता येईल? आमच्या समुपदेशक ताई यावर तासभर बोलतात. कुणी दुसरी गोळीही क्षयाच्या गोळ्यांच्या पाकिटात ठेवते, कुणी त्या निमित्तानं पहिल्यांदाच नवऱ्याच्या आईला सगळं सांगते. सांगितल्यावर काय होईल याचा अंदाज मला अजून बांधता येत नाही. ज्या घराची भीती वाटली होती, तिथल्या सासूनं स्वतः घड्याळाचा गजर लावला आणि जिथे सगळं सुरळीत वाटलं होतं, तिथली सून माहेरी निघून आली.

८. क्षय झालेला नसताना त्याच्या गोळ्या द्यायच्या, हे पटवायला मलाच आधी स्वतःला पटवावं लागलं. शरीरात जंतू झोपलेला असेल, तर एचआयव्ही नसलेल्या माणसाला आयुष्यभरात मिळून क्षय होण्याचा ५ ते १० टक्के धोका असतो. एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील, तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी. एआरटीनं तो बराच खाली येतो, संपत नाही. आयसोनियाझिड सहा महिने रोज घेता येतं, तळपायाची आग होऊ नये म्हणून सोबत बी-सिक्स. रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड एकत्र घेतलं तर आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. त्याआधी क्षय नाही याची खात्री मात्र करून घ्यावी लागते. धडधाकट वाटणारा माणूस तारखा विसरतो. त्याला मी त्याच्या गावच्या बाजाराचा वार विचारते आणि कार्डावर तेच लिहिते: बारा बाजार, बारा डोस.