घटक ३ : निकालपत्राची भाषा आणि सत्ता (नान्सी, १८७०)

३.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• निकालपत्रातील अधिकारवाचक शब्दांचे कार्य स्पष्ट करता येईल;
• लष्करी ताबा आणि सामिलीकरण यांतील फरक सांगता येईल.

३.२ प्रास्ताविक
‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे होय. न्यायाधीशाचा निर्णय हेही असेच कृती घडवणारे विधान आहे. मात्र ते कोणाच्या अधिकाराने उच्चारले गेले, हे निश्चित नसेल तर ते निष्फळ ठरते. सीमाप्रदेश शत्रूच्या ताब्यात गेला की नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

३.३ विषय-विवेचन

(अ) तीन नावे
१८७० च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने लोरेन प्रांतातील नान्सी शहर घेतले. २ सप्टेंबरला सेदाँ येथे सम्राट तिसरा नेपोलियन शरण गेला आणि ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक घोषित झाले. नान्सीचे अपील न्यायालय ‘फ्रेंच प्रजासत्ताकाच्या नावाने’ निकाल देऊ लागले. प्रशियाने या प्रजासत्ताकास मान्यता दिलेली नव्हती. त्यामुळे ‘आल्सास व लोरेन ताब्यात असलेल्या जर्मन सत्तांच्या नावाने’ निकाल द्यावेत, असा आदेश निघाला. ‘फ्रेंचांच्या सम्राटाच्या नावाने’ हा पर्यायही देण्यात आला. न्यायालयाने दोन्ही नाकारून कामकाज स्थगित केले.

कायद्याचे एकही कलम येथे बदलावयाचे नव्हते. बदलावयाचे होते ते केवळ नाव. परंतु पहिल्या नावाने शत्रूचे सार्वभौमत्व मान्य झाले असते, तर दुसऱ्याने पदच्युत राजवटीचे.

(आ) ताबा आणि सामिलीकरण
१० मे १८७१ च्या फ्रँकफुर्ट तहाने नान्सी फ्रान्सकडेच राहिले. आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीत गेला. तेथे न्यायालयांची पुनर्रचना झाली. अंतिम दाद पॅरिसऐवजी लाइपझिग येथे मागावी लागे. १८७२ च्या कायद्याने जर्मन ही कारभाराची भाषा ठरली. फ्रेंचभाषक भागांना सवलत मिळाली. फ्रेंच दिवाणी संहिता मात्र १९०० पर्यंत टिकली. म्हणजे नाव आणि भाषा त्वरित बदलली, कायद्याचा आशय सावकाश बदलला.

(इ) मूल्यमापन
न्यायाधीशांनी निष्ठा राखली. पण न्यायालय बंद राहिले की झळ पक्षकारांना बसते. वारसा, कर्ज, अटक यांचे प्रश्न युद्ध संपण्याची वाट पाहत नाहीत. १९०७ च्या हेग नियमावलीचे ४३ वे कलम ताबेदार सत्तेवर सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी टाकते आणि अगदीच अशक्य नसेल तर प्रचलित कायदे पाळण्यास सांगते. ताबा म्हणजे सार्वभौमत्व नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे.

३.४ सारांश
निकालपत्रातील ‘च्या नावाने’ हे शब्द अलंकारिक नाहीत. निर्णयाला बळ देणारी सत्ता ते निर्देशित करतात. म्हणूनच नान्सीचा वाद कायद्यापेक्षा एका शब्दबंधावर अडला.

३.५ स्वाध्याय
१. नान्सी न्यायालयापुढील तिन्ही शब्दबंधांचे राजकीय अर्थ स्पष्ट करा.
२. कोणतेही नाव न घेता दिलेला निकाल परिणामकारक ठरला असता काय? सकारण चर्चा करा.